पाण्याची गुळणी आणि एका चालीची मात

"पण वजीर दिसत कसा नाही, बुवा? घोडा एक वेळ समजू शकतो. प्यादं नजरेतून सुटतं, तेही कबूल. पण वजीर? हिच्या नाकासमोर वजीर मारात उभा असतो आणि हिला तो दिसत नाही! असं कसं होतं?"

गिरीबुवा टाचेतला काटा शोधत होते.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय," पाहुणे म्हणाले.

"ऐकतोय की. काटा सापडू द्या."

मी ओसरीच्या टोकाला शेंगा फोडत बसलो होतो. मठाचा स्वयंपाक माझ्याकडं असतो, त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याचं सगळं माझ्या कानावर पडतं, ऐकायचं नसलं तरी. टेकडीवरचा आमचा मठ म्हणजे दोन खोल्या, एक समाधी आणि ही ओसरी. ओसरीवर कापडी पट कायम अंथरलेला असतो. तांबडे आणि काळे लाकडी मोहरे. तांबड्यांचा एक उंट कधीचा हरवलाय, त्याच्या जागी सुपारी उभी करतात.

पाहुणे कोल्हापूरचे होते. अजित चौगुले, कुठल्याशा कारखान्यात इंजिनियर. कपड्यांना इस्त्री होती आणि बोलण्यालाही. शेजारी त्यांची मुलगी, तेजल. दहा-अकरा वर्षांची असेल. ती खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघा मारत होती.

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की टेकडीवरचे बुवा बुद्धिबळाचे जाणकार आहेत. कुणी सांगितलं देव जाणे. बुवांइतका रद्दी खेळणारा माणूस मी पंचक्रोशीत पाहिलेला नाही. तरी मोठे मोठे खेळाडू येतात, बुवांना हरवतात आणि जाताना पाया पडून जातात. मला हे कधी समजलेलं नाही. बुवांना विचारलं तर म्हणतात, मलाही नाही.

काटा सापडला. बुवांनी तो उन्हात धरून नीट पाहिला.

"हं. काय म्हणत होता?"

चौगुल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पोरगी हुशार. घरी कोडी घातली की फटाफट सोडवते. एका चालीत मात, दोन चालींत मात, बघितलं की बोट ठेवते. रोज सकाळी दुधाआधी कोडी, संध्याकाळी अभ्यासाआधी कोडी. आणि स्पर्धेत बसली की वजीर फुकट देते. समोरच्यानं वजीर फुकट दिला तर तोही घेत नाही. साताऱ्याला तर कहर केला. जिंकलेला डाव, एका चालीत मात समोर, आणि हिनं भलतंच प्यादं पुढं सारलं.

"मग?"

"मग काय… माझ्या तोंडून निघून गेलं."

"काय निघालं?"

चौगुल्यांनी मुलीकडं पाहिलं नाही. "म्हटलं, डोकं घरी ठेवून आलीस का? जरा मोठ्यानं म्हटलं. हॉलमध्ये लोक होते."

पोरीचा अंगठा थांबला.

"त्या दिवसापासून हिनं मोहऱ्याला हात लावलेला नाही. पट मांडला की म्हणते, पोटात दुखतंय. डॉक्टरांना दाखवलं. पोट ठणठणीत आहे. आणि रविवारी जिल्ह्याची निवड आहे, बुवा! तीन वर्षांची मेहनत आहे. काहीतरी उपाय सांगा. एकाग्रतेचा, ध्यानाचा, काय असेल तो."

"पोट कुणाचं दुखतं?"

"हिचं."

"मग तुम्ही का सांगताय?"

चौगुले गोंधळले. मीही गोंधळलो, पण मला सवय आहे.

बुवा पुढं सरकले आणि पटावर मोहरे मांडू लागले. सगळे नाही, मोजकेच. काळा राजा कोपऱ्यात, त्याच्या पुढ्यात त्याचीच तीन प्यादी. इकडं तांबड्याचा एक हत्ती, राजा, वजीर. काळ्याच्या घोड्यानं तांबड्या वजिरावर नेम धरलेला.

"तांबड्याची चाल," बुवा म्हणाले. "काय दिसतं?"

चौगुल्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "वजीर मारात आहे. तो हलवायला हवा. इथं नेला तर घोडा पुन्हा मागं लागेल… तिथं नेला तर प्यादं जातं…" ते बोटानं हवेत रेघा ओढू लागले. "इकडं आणावा. मग डाव साधारण बरोबरीचा. तांबड्याला किंचित बरं."

तेजलनं एकदाच पटाकडं पाहिलं. एकदाच. मग मान फिरवून ती कडुनिंबाकडं बघू लागली.

"बरं," बुवा म्हणाले. "आता असं समजा, की एका चालीत मात आहे."

"एका?" चौगुल्यांनी पुन्हा पाहिलं आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हत्ती शेवटच्या ओळीत! राजाला पळायला जागाच नाही. मात! फारच सोपं होतं की."

"मघाशी अवघड होतं?"

"मघाशी… तुम्ही सांगितलं नव्हतं ना."

"स्पर्धेत पोरीला कोण सांगतं?"

"कोणी नाही. कसं सांगणार? नियम आहे."

"मग तुम्ही तिथं काय करता?"

"मी? मी काहीच करत नाही. नुसता उभा असतो."

"कुठं?"

"समोरच. दोरीपलीकडं. तिला दिसेन असा."

बुवा हूं म्हणाले. मग पोरीकडं वळले. "तुला दिसली होती मात?"

तेजलनं मान डोलावली. दिसली होती.

"मग बोलली का नाहीस?" चौगुले म्हणाले.

"तुम्ही विचार करत होता, पप्पा."

माझ्या हातातली शेंग फुटली.

"चल, बस," बुवा तिला म्हणाले.

"मला नाही खेळायचं."

"मलाही नाही. आपण नुसतं बसू. हात रिकामा ठेवायला नको म्हणून मोहरे हलवू."

पोरगी बुवांकडं बघत राहिली. तिला काय वाटलं कोण जाणे, ती आली आणि मांडी घालून बसली. एक हात मात्र पोटावर होता.

चौगुले लगबगीनं तिच्या समोर, बुवांच्या खांद्यामागं जाऊन उभे राहिले. मी उठलो आणि तांब्या घेऊन त्यांच्यापुढं गेलो.

"मला तहान नाही," ते म्हणाले.

"तहानेचं नाही ओ. गुळणी धरा."

"काय धरा?"

आता हे समजावून सांगणं माझ्याच वाट्याला येतं दर वेळी. आमच्या मठाचा दंडक आहे. बुवांच्या गुरूंनी घातलेला. ओसरीवर बघे फार जमायचे, आणि खेळणारे गप्प अन् बघणारेच बोलणारे अशी गत व्हायची. तेव्हा गुरूंनी सांगून टाकलं, की ज्याला डाव बघायचाय त्यानं तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं. चुकून गिळली तर दुसरी भरावी. पण गुळणी टाकून बोललात तर डाव मोडला. आमच्या सरपंचांनीसुद्धा धरली आहे.

"मी बोलणार नाही, शब्द देतो," चौगुले म्हणाले.

"शब्द नको. पाणी घ्या," मी म्हटलं. इस्त्रीवाल्या माणसांना एक गोष्ट दोनदा सांगावी लागते, त्याचा मला भारी कंटाळा आहे.

त्यांनी घेतलं. गाल फुगवून ते बुवांच्या मागं बसले. मीही एक घोट भरला आणि शेंगांपाशी परत आलो.

डाव सुरू झाला. पोरीकडं तांबडे मोहरे, बुवांकडं काळे.

पहिल्या काही चाली झाल्या आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पोरगी मोहऱ्याला हात लावायच्या आधी पटाकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघायची. हात उचलायचा, नजर वर, पप्पांचा चेहरा, मग हात खाली. प्रत्येक चालीला तेच.

पण पप्पांच्या चेहऱ्यावर होतं काय? दोन फुगलेले गाल. माणूस खूश असला तरी तसाच दिसतो आणि चिडलेला असला तरी तसाच.

बुवांनी वजीर उचलला आणि सरळ पोरीच्या प्याद्यासमोर नेऊन ठेवला. फुकट. अगदी फुकट.

चौगुल्यांचे डोळे मोठे झाले. तेजलनं प्याद्याकडं हात नेला, वर पाहिलं, ते मोठे डोळे पाहिले आणि घाबरून हात मागं घेतला. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. तिनं घोडा हलवला.

चौगुल्यांनी नाकातून असा आवाज काढला की समाधीवरचा कावळा उडाला.

बुवांनी पुढच्या चालीला वजीर तिथंच ठेवला. त्यांना तो मारात आहे हे दिसलंच नसावं.

पोरीनं पुन्हा वर पाहिलं. गाल. पुन्हा पाहिलं. गाल. तिच्या कपाळाला आठी पडली. या चेहऱ्यातून काही निघत नाही, हे तिला हळूहळू कळत असावं. शेवटी तिनं नजर खाली घेतली ती खालीच ठेवली.

"अय्या," ती म्हणाली. आणि प्याद्यानं वजीर उचलला.

"अरेच्चा," बुवा म्हणाले. "हा इथं कोणी ठेवला होता?"

"तुम्हीच!"

"मी? बरं बरं."

मग जो खेळ झाला, तो खेळ म्हणायचा की दंगा, मला सांगता येणार नाही. बुवांनी एक हत्ती घालवला. पोरीनं सुपारी घालवली. बुवांनी सुपारी उचलली, तोंडाकडं नेली, मग आठवण होऊन खाली ठेवली. दोघं आपापल्या नादात चाली करत होते. मध्येच तेजल थांबली.

"बुवा, तुम्हाला शह आहे."

"आत्ता दिलास?"

"नाही. मघापासूनच आहे. माझ्या हत्तीचा. आपल्या दोघांच्या लक्षातच नाही आलं!"

"म्हणजे मी शहात बसूनच घोडा खेळलो?"

"आणि मी तो मारला!"

ती हसली. पहिल्यांदाच हसली. बुवाही हसले आणि दोघांनी मिळून घोडा परत जागेवर ठेवला, मग तो कुठल्या घरात होता यावर त्यांचा बराच वेळ वाद झाला.

चौगुल्यांची अवस्था बघवत नव्हती. शह असताना दुसरी चाल करणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. ते कधी माझ्याकडं हातवारे करत होते, कधी गुडघ्यावर मूठ आपटत होते. एकदा सरकत येऊन त्यांनी माझं धोतर ओढलं. मी गालांकडं बोट दाखवून त्यांना परत जागेवर धाडलं.

शेवटी बुवांकडं उरला नुसता राजा. कोपऱ्यात. पोरीकडं वजीर होता, हत्ती होता, राजा होता. एका चालीत मात होती, मलासुद्धा दिसत होती. हत्ती उचलायचा आणि खालच्या ओळीत ठेवायचा, संपलं.

पोरीनं वजीर उचलला. हसत हसत. राजाच्या अगदी जवळ नेऊन ठेवला, पण शह न देता.

बुवांच्या राजाला शह नव्हता आणि हलायला एकही घर नव्हतं. डाव बरोबरीत. जिंकलेला डाव गेला पाण्यात.

आणि चौगुल्यांची गुळणी सुटली. ते ओरडायला गेले, पाणी उलटं गेलं, ठसका लागला, आणि फवारा उडाला तो बुवांच्या पाठीवर, पटावर, पोरीच्या फ्रॉकवर. इस्त्रीचा शर्ट चिंब.

"एका चालीत मात होती, तेजू! एका! समोर होती! काय करतेस तू? काय करतेस?"

पोरीचं हसू गेलं. एका क्षणात गेलं. तिनं मान खाली घातली आणि दोन्ही हात पोटावर दाबून धरले.

मला राग आला. खरं सांगतो, तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा इतका राग आला. पण मठात तसं चालत नाही.

बुवांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि मोहरे एकेक करून पुसू लागले. सावकाश. राजा, वजीर, प्यादी. सुपारीसुद्धा पुसली.

"आता तुम्ही बसा," ते चौगुल्यांना म्हणाले.

"मी? मी कशाला? प्रश्न हिचा आहे."

"बसा."

"बुवा, राग मानू नका, पण मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात होतो. तुमच्याशी…" ते थांबले.

"सोपं जाईल ना? मग बसा की."

चौगुले बसले. ओले, चिडलेले, समजत काहीच नव्हतं त्यांना. बुवांनी पोरीला आपल्या शेजारी, तिच्या बापासमोर बसवलं. मी तिला तांब्या दिला. तिनं गुळणी धरली. एवढासा चेहरा, त्यावर दोन फुगे.

चौगुले भराभर खेळू लागले. खेळ चांगला होता त्यांचा, खोटं का बोला. बुवांचा घोडा घेतला, एक प्यादं घेतलं, मग उंट. आणि दर वेळी मोहरा उचलला की ते वर बघत. मुलीकडं. बघितलंस? असं करायचं असतं, असं ते डोळे बोलत होते.

समोर दोन गाल. काहीच उत्तर नाही.

त्यांनी हत्ती घेतला. वर पाहिलं. गाल.

पुढच्या चालीला त्यांनी हात नेला आणि मागं घेतला. वर पाहिलं. पुन्हा हात नेला. आता ते वेगळ्याच नजरेनं बघत होते. हिला काही दिसतंय का? माझं काही चुकतंय का? कपाळावर घाम आला. ऊन कलतीला लागलं होतं, वारा होता, घाम यायचं काही कारण नव्हतं.

"सावकाश," बुवा म्हणाले.

"मला घाई नाही," चौगुले म्हणाले आणि घाईनं खेळले.

बुवांनी आपला वजीर उचलून पटाच्या मधोमध ठेवला. फुकट, नेहमीसारखा.

चौगुल्यांचा हत्ती शेवटच्या ओळीत राजाची राखण करत बसला होता. तो त्यांनी उचलला आणि खाडकन वजीर मारला. "वजीर!" असं मोठ्यानं म्हणून त्यांनी वर पाहिलं.

पोरीचे डोळे मोठे झाले होते.

चौगुल्यांनी तिचे डोळे पाहिले. मग पट पाहिला.

त्यांचा राजा कोपऱ्यात होता. पुढं त्याचीच तीन प्यादी. राखणीचा हत्ती निघून गेलेला. आणि बुवांचा उरलेला हत्ती मोकळ्या पट्टीत उभा. एक चाल… शेवटची ओळ… मात.

मघाशी बुवांनी मांडलं होतं तेच. तासही झाला नव्हता. फारच सोपं होतं की, असं म्हणाले होते तेच.

चौगुल्यांनी हात पटावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. दुसरा हात त्यावर दाबून धरला.

बुवा दाढी खाजवत बसले. त्यांचा हात हत्तीकडं गेला… तिथून प्याद्याकडं गेला… परत आला.

तेजलनं घोट गिळला. उठली. पटाला वळसा घालून बापाजवळ आली आणि त्याला चिकटून बसली. मुलीच्या जातीला कळतंच हे… नाही, मुलीच्या जातीचं काय त्यात. त्या पोरीला जे कळलं ते माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कळलं नव्हतं, एवढंच. तिनं बापाच्या मनगटावर हात ठेवला.

"पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "पोटात दुखतंय का?"

चौगुल्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "दुखतंय."

"होतं तसं. मोठा श्वास घ्या. थोड्या वेळानं जातं."

त्या माणसाचे डोळे भरून आले. शर्ट ओलाच होता, त्यामुळं त्यानं तोंड पुसलं ते कशासाठी पुसलं, हे कुणाला सांगायची गरज पडली नाही.

बुवांनी एक प्यादं उचललं आणि एक घर पुढं ठेवलं. "चला. तुमची चाल."

"बुवा," चौगुले म्हणाले. "तुमची मात होती. हत्ती शेवटच्या ओळीत."

"असं? मग गेली की आता. प्यादं हललं."

"परत घ्या."

"हात लावलेला मोहरा परत घेत नाहीत. तुम्हीच ना नियमाचे पक्के?"

चौगुले पटाकडं बघत राहिले. डाव त्यांच्याच हातात होता, अजूनही. एक वजीर जास्त, एक हत्ती जास्त. त्यांनी कुठलाच मोहरा उचलला नाही.

"तेजू," ते म्हणाले, "पुढं तू खेळतेस? खेळायचं असेल तर. नसेल तर राहू दे. खरंच राहू दे."

पोरगी विचारात पडली. "तुम्ही कुठं बसणार?"

चौगुल्यांनी इकडंतिकडं पाहिलं. बुवांच्या मागची जागा पाहिली. तांब्या पाहिला. मग उठून माझ्याजवळ आले आणि पटाकडं पाठ करून बसले.

"द्या इकडं थोड्या शेंगा," मला म्हणाले.

फोडता येत नव्हत्या त्यांना. टरफलाबरोबर निम्मे दाणे चुरगाळत होते. मी काही बोललो नाही, माझ्या तोंडात पाणी होतं.

मागं खेळ चालू झाला. "अय्यो, घोडा गेला!" असा पोरीचा आवाज आला. चौगुल्यांची पाठ ताठ झाली. मान वळायला लागली… आणि थांबली. त्यांनी शेंग फोडली. थोड्या वेळानं, "बुवा, मी वजीर कुठं ठेवला बघा ना!" आणि दोघांचं खिदळणं. चौगुल्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कुठं काय दुखत होतं ते त्यांनाच ठाऊक. पण वळले नाहीत.

डाव कोण जिंकलं ते मला माहीत नाही. दोघंही आपण जिंकलो म्हणत होते.

मी भाकरी टाकल्या. आमटी, भाकरी आणि चौगुल्यांनी चुरगाळलेल्या दाण्यांची चटणी. पोरगी पोटभर जेवली. पोटाचं नावही काढलं नाही. पायऱ्या उतरताना बापाचा हात धरून तिनं विचारलं, "पप्पा, रविवारी किती वाजता निघायचं?"

"तू सांगशील तेव्हा."

"लवकर निघू. वाटेत मिसळ खाऊ."

ती पुढं पळाली. निवडीत तिचं काय झालं हे आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि बुवांनी विचारलंही नाही.

चौगुले मात्र खालच्या पायरीवरून परत वर आले. चेहऱ्यावर अजून गोंधळच होता. माणूस हुशार असला की गोंधळ लवकर सुटत नाही. ते बुवांसमोर उभे राहिले, शर्टाचं ओलं टोक पिळत.

"बुवा, एक खरं सांगा. मला झोप लागणार नाही नाहीतर."

"विचारा."

"तुमचा हात हत्तीकडं गेला होता. मी पाहिलं. ती मात तुम्हाला दिसली होती ना? मला वाईट वाटू नये म्हणून सोडलीत ना?"

बुवांनी पायरीवर टाच टेकवून पाहिली. अजून थोडं दुखत असावं.

"नाही बा," ते म्हणाले. "मी पोरीकडं बघत होतो."